किल्ली तिच्या ड्रॉवरात होती

ही हकीकत मी अनेक वर्षं टाळली. नळदुर्गला मित्रांत नोकरीतले किस्से सांगताना संगीताचं नाव जवळ आलं, की मी चहा मागवायचो.

मी ग्रामसेवक होतो. पंचायतीचं काम संगणकावर आलं, तशी माझी डिजिटल सहीची किल्ली (संगणकाला जोडायची, पेनड्राइव्हसारखी बोटाएवढी वस्तू) ऑपरेटर संगीताच्या ड्रॉवरात राहू लागली. आम्ही बरेच जण तसंच करायचो. एकदा न झालेली ग्रामसभा झाली म्हणून मीच फोनवरून तिला संगणकावर चढवायला लावली. चौकशी लागली तेव्हा लिहून दिलं, ‘किल्ली माझ्या नकळत वापरली.’ तिची नोकरी गेली. मी हारतुरे घेऊन निवृत्त झालो.

ती आता भूमजवळ ईट गावात सेवा केंद्र चालवते, असं परवा कळलं. कबुली कागदावर लिहिली, खाली पेनानं सही केली आणि सकाळची गाडी धरली.

धाराशिवला गाडी बदलताना चष्म्याचं घर आधीच्या गाडीत राहिलं. भूमला तिच्यासाठी पेढे घेतले. इथला खवा नावाजलेला. पुढं उघडा माळ, मधूनच ज्वारीचे पट्टे. मी तीनदा जागा बदलली, सारखा खिशातला कागद चाचपला आणि डब्यातले दोन पेढे स्वतःच खाल्ले.

केंद्रात रांग होती. संगीता एका म्हाताऱ्याला समजावत होती, “आबा, मोबाईलवर आलेला नंबर कुणाला सांगू नका. मला बी न्हाय.”

“तू तर घरचीच हायस की.”

“आमच्या भाऊसाहेबांना बी मी घरचीच वाटायचे.”

खेड्यात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. तिनं वर पाहिलं.

“बसा, भाऊसाहेब. काय काम काढलं?”

मी कागद पुढं केला. मागं माणसं दाटली होती.

“झेरॉक्स काढायची व्हय?”

मी मान हलवली. तिनं न वाचताच कागद यंत्रावर पालथा घातला. प्रत काढून दोन्ही कागद माझ्या हाती दिले.

“अजून काही?”

“न्हाय,” म्हणालो आणि पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून बाहेर पडलो.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तरी बसवेना. आता कबुलीच्या दोन प्रती आहेत. एक पंचायत समितीत देणार आहे. तिथं पोच मिळेल. पण जे तिच्यासमोर बोलायचं होतं, ते एवढंच होतं: संगीता, मी खोटं लिहून दिलं. मला माफ कर.