राजाचं पान

इटलीत मेलेल्या एका गॉथ राजाच्या नावानं सर्वपित्री अमावास्येला पान वाढणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच झाला, आणि तो आमचा शेजारी होता. जयगडजवळच्या आमच्या वाडीत त्यांना सगळे बोटीवाले काका म्हणत. तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढून, निम्म्या जगाची बंदरं पाहून या माणसानं घरी काय आणलं, तर घड्याळ नाही, अत्तर नाही; थिओडोरिक नावाचा राजा आणला. रावेन्नाच्या बंदरात बोट लागलेली असताना त्यांनी त्याची कबर पाहिली. जर्मन वंशातल्या गॉथ लोकांचा हा राजा दीड हजार वर्षांपूर्वी इटली जिंकून तिथेच राहिला. त्याच्या कबरीचं छप्पर म्हणजे एकच अखंड दगड, आणि काकांचे वाडवडील खाणीत चिरे काढणारे. "आपल्या खळ्याएवढा एकच दगड हां! कसा वर चढवलान असेल?" हा प्रश्न त्यांना मरेपर्यंत सुटला नाही.

मासळीवालीनं टोपली उतरवून भाव सांगायच्या आत तिला निम्मा इतिहास ऐकावा लागे. पोस्टमन सुटला नाही, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले तर आयते सापडत. गोष्टीचा कळस ठरलेला. तीन वर्षं वेढा घालूनही शत्रू हार मानेना, तेव्हा दोघांनी मिळून राज्य करायचं ठरलं. मग राजानं त्याला मेजवानीला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं कापलं. "जेवायला बोलावलान आणि मारलान!" असं म्हणून काका मांडीवर थाप मारत. गंमत म्हणजे पुढे लोकांनी याच राजावर गाणी रचली, त्यांत तो बिचारा राज्य गमावून तीस वर्षं परक्या मुलखात वनवास भोगतो. काकांना दोन्ही सारखंच खरं वाटे.

वाटणारच. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या घरांमध्ये हद्दीचा एक दगडी गडगा होता. तो हातभर कुणी सरकवला, यावरून दोघांचा बारा वर्षं अबोला. काकांच्या तोंडून ऐकलं की ते वनवासी, भावाच्या तोंडून ऐकलं की ते इतिहासातले, दगा देणारे. मी दोन्ही घरी चहा प्यालो आहे, तेव्हा गप्प बसतो.

राजाची कबर रिकामी आहे, हाडं कुठे गेली कुणाला ठाऊक नाही, हे काकांच्या जिवाला फार लागलं होतं. म्हणून वाडवडिलांच्या पानाशेजारी त्याचं पान. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. वाडवडिलांच्या पानावर कावळे तुटून पडत, राजाच्या पानाला मात्र एक शिवेल तर शपथ. दर वर्षी ते शेवटी गाईला जाई. एका वर्षी काका हट्टालाच पेटले. कावळा शिवल्याशिवाय जेवणार नाही म्हणाले. त्यांना साखरेचा आजार, आणि दुपारचे तीन वाजलेले. "कबर बघायला परत येतो रे बाबा," असं त्यांनी राजाला कबूल केलं, तरी कावळा माडावर ढिम्म. काकू रडकुंडीला आल्या. "अवो, त्याचा जीव कशात अडकलाय ता तुमीच रोज सांगता ना? जेवायला बोलवून मारलान. मग त्याच्या वतीनं कोणाला तरी नीट जेवायला बोलवा." आणि त्यांनी गडग्याकडे पाहिलं.

काका उठून गडग्यापाशी गेले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा भावाला हाक मारली, "जेवायला ये रे."

पलीकडून आवाज आला, "येतो. पण तुझ्या राजासारखा नाय ना बोलवत?"

काका हसले, आणि हसता हसता रडले. दोघे शेजारी शेजारी जेवायला बसल्यावर कावळ्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. नंतर पाहिलं तर राजाच्या पानावरची खीर गेलेली. कावळ्यानं खाल्ली की मांजरानं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर जेमतेम वर्षभरात काका गेले. मला त्यांची फार आठवण येते. त्यांनी हाक मारली तिथले चिरे काढून धाकट्या भावानं आता येण्याजाण्याची वाट केली आहे. यंदा सर्वपित्रीला त्यानं तीन पानं मांडली: वाडवडिलांचं, दादाचं आणि राजाचं. पान ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच दादाच्या पानाला कावळा शिवला. मला बरं वाटलं. म्हटलं, काकांची काही इच्छा राहिली नाही. धाकटा भाऊ मात्र तिथेच उभा राहिला.

"एवढी कसली घाई होती दादाला," तो म्हणाला. "जरा थांबायचा. बारा वर्षांचा बोलायचा माझा ऱ्हायलाय."