सव्वीस वर्षं फाटकाबाहेर

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यात गाडी कुठे ठोकली नाही, कुणाची कुरापत काढली नाही, आणि खोटं बोलले ते एकदाच. पण ते एकच असं काही बोलले की पुढची सव्वीस वर्षं त्यालाच टेकू लावत बसावं लागलं.

काका शाळेच्या बसवर ड्रायव्हर. बस पिवळी, बेचाळीस सीटांची. मागच्या चाकावरची सीट खड्डा आला की उसळायची, म्हणून तिच्यासाठी रोज भांडणं. दरवर्षी शाळेची सहल एकाच ठिकाणी जायची, प्राण्यांच्या बागेत. प्राणी काही खरे नव्हेत हं. सिमेंटचे, फायबरचे, विजेवर हलणारे. हत्तीच्या सोंडेतून घसरायचं, पाणघोड्याच्या पाठीवर बसून तळ्यात फिरायचं, मगरीच्या आगगाडीत बसून घसा बसेपर्यंत किंचाळायचं. काका सकाळी मुलांना फाटकाशी उतरवत, "पाण्याच्या बाटल्या घेतल्या का रे?" म्हणून ओरडत, आणि बस पलीकडच्या पत्र्याच्या शेडखाली नेऊन लावत. मग डबा खायचा, काचा पुसायच्या आणि मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं. तिकिटं मुलांची आणि शिक्षकांची काढलेली असायची. ड्रायव्हरने बस सांभाळायची. हे कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण ठरलेलं होतं.

पहिल्या वर्षी सहलीहून घरी आले तेव्हा त्यांची लेक पाच वर्षांची होती. तिच्या शाळेची सहल कायम कुठल्यातरी धरणावर जायची. तिने दारातच विचारलं, "बाबा, आत काय काय आहे?"

आता लेकीच्या तोंडावर कसं सांगायचं, की बाबा बाहेर झोपले होते? काकांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, सगळं बघून आलो की!" आणि मग परतीच्या वाटेवर बेचाळीस पोरांनी एकाच वेळी जे जे ओरडून सांगितलं होतं ते त्यांनी शांतपणे, एकेक करून तिला सांगितलं. पोरगी तोंडाचा आ करून ऐकत राहिली. दरवर्षी सहल, दरवर्षी नवा माल. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि गोष्टी पुढच्या पिढीकडे गेल्या.

ही नात सात वर्षांची. घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण प्रश्न विचारायला बसली की साक्षीदाराला घाम फुटायचा. "आबा, जिराफ किती उंच?" "सात मजली." "तू मोजलेस?" "मोजले तर!" अशी सगळी साक्ष तिच्या डोक्यात पक्की नोंदलेली.

काका निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि एका बुधवारी, स्वतःची साप्ताहिक सुट्टी आणि वकीलबाईंच्या शाळेची सुट्टी जुळून आली म्हणून, जावईबापूंनी बागेची पाच तिकिटं आणली. "बाबांना डोळे मिटून माहीत आहे सगळं," लेक कौतुकाने म्हणाली. "तेच फिरवतील आपल्याला."

काकांना रात्रीचं जेवण गेलं नाही. घरात खरं काय ते एकट्या आजीला ठाऊक होतं, कारण दरवर्षी त्या दिवशी बसमध्ये बसून खायचा डबा तिनेच भरलेला आणि चाटूनपुसून रिकामा परत आलेला. ती इतकंच म्हणाली, "अहो, सांगून टाका एकदाचं. पोरगी काय फाशी देणार आहे?"

"तू नको मध्ये पडू," काका म्हणाले. नातीच्या नजरेतून उतरायचं म्हणजे त्यांना फाशीहून कमी वाटत नव्हतं. तिच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं की हिच्या आबांनी ती बाग सव्वीस वेळा पाहिली आहे.

तर बुधवारी सकाळी दहाला काका आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले. चेहरा असा, की रोजचंच आहे. आत गेल्यावर मात्र धाबं दणाणलं. आतला एकेक प्राणी त्यांना तोंडपाठ होता, पण कोण कुठे आहे ते माहीत नव्हतं! मुलं सांगायची ती आवडीच्या क्रमाने, रस्त्याच्या नव्हे. काका छाती काढून पुढे निघाले, "हत्ती इकडे," म्हणाले, आणि सगळं कुटुंब स्वच्छतागृहापाशी जाऊन थांबलं.

"आधी सगळ्यांनी जाऊन या," काका गंभीरपणे म्हणाले. "नंतर रांगेत अडचण नको." लेक म्हणाली, बघा, अनुभव बोलतो. आजीने पदर तोंडाला लावला.

जिराफ सापडला तो तीन मजली निघाला.

"आबा, तू सात म्हणाला होतास."

"तेव्हा होता सात. दर पावसात भिजून भिजून आटला."

वकीलबाईंनी जिराफाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे चालू लागल्या. हे न बोलणं फार वाईट. काकांना बोलणाऱ्या पोरांची सवय होती.

पण एका बाबतीत काकांचा शब्द लोखंडी होता. गोल फिरणाऱ्या कासवांपाशी जावईबापू हातात आइस्क्रीमचा कोन आणि पोटात भज्यांची पुडी घेऊन उभे राहिले, तेव्हा काका म्हणाले, "जावईबापू, यात खाऊन बसू नका. याच्यानंतर हमखास उलटी होते. त्यातून आइस्क्रीमची वाईट, वास दोन दिवस जात नाही."

"छे हो बाबा, लहान मुलांचं आहे ते," म्हणत जावईबापू बसले. चौथ्या फेरीला त्यांचा रंग कासवासारखा झाला. उतरले ते धावतच कठड्यापाशी गेले. काकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून वेळेवर हातात दिली, पाठ चोळली, लिंबाची गोळी दिली. सव्वीस वर्षांचा हात होता तो. वकीलबाईंचा आबांवरचा विश्वास पुन्हा जागेवर आला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. पाणघोड्यावर बसताना तर ते मोठ्या रुबाबात म्हणाले, "डावीकडे बसू नका, वळणावर पाणी उडतं, बूट भिजतात." आणि खरंच उडालं. स्वतः मात्र ते कशातच बसले नाहीत. काठावर सगळ्यांच्या पिशव्या राखत उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. अंगवळणी पडलेलं होतं.

दुपारी मगरीच्या आगगाडीच्या रांगेत सगळे उभे होते आणि मागून चाळीस-बेचाळीस पोरांचा कलकलाट आला. काकांनी आवाजावरून ओळखलं. त्यांचीच शाळा! पुढे सहलीच्या बाई, गळ्यात शिट्टी. बाई स्वभावाने चांगल्या. दहा वर्षं त्यांच्याच शेजारी पुढच्या सीटवर बसून आलेल्या. त्यांनी काकांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या, काका! तुम्ही आणि आत? पहिल्यांदाच बघतेय तुम्हाला आत! मग बसपाशी कोण आहे?"

म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली, कारण काका निवृत्त झाल्याचं आठवलं. पण बोलून गेल्या ते गेल्याच. वकीलबाईंची मान गर्रकन वळली.

काकांना अजूनही सावरून घेता आलं असतं. हसून, "बाई विसरल्या वाटतं," म्हटलं असतं तर बाईंनीही बिचाऱ्यांनी मान डोलावली असती. तोंडात आलंही होतं ते. पण समोर ही पोरगी उभी, टक लावून. आणि दुसरीकडे बाईंचा तो प्रश्न, बसपाशी कोण आहे, तो कुठेतरी लागला होता. जुनाच काटा, आज पहिल्यांदा ठणकला.

"पहिल्यांदाच आलोय, बाई," काका म्हणाले. आवाज चढला नाही. "सव्वीस वर्षं फाटकापर्यंत आलो. आत ये असं कधी कुणी म्हटलं नाही. मला यायचं होतं."

बाईंनी गळ्यातली शिट्टी उगाच हातात घेतली, सोडली. "काका, मला कधी सुचलंच नाही हो," म्हणाल्या. मग पोरांना दुसऱ्या बाईंच्या ताब्यात दिलं आणि घाईघाईने कुठेतरी निघून गेल्या.

इकडे रांगेत लेक बाबांकडे बघतच राहिली. तिच्या अख्ख्या लहानपणाच्या गोष्टी होत्या त्या. वकीलबाई रांगेतून बाहेर पडल्या आणि जाऊन दगडी सशाच्या शेजारी, सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. काका जाऊन थोडं अंतर ठेवून बसले. पितळ उघडं पडलं होतं. आता शिक्षा काय ती ऐकायची.

"तू थापा मारल्यास," वकीलबाई सशाकडे बघत म्हणाल्या.

"मारल्या."

"सगळ्या?"

"आत गेलो होतो, ही थाप. बाकीचं मुलांनी सांगितलेलं."

मग उलटतपासणी सुरू झाली. "पाणघोड्यावर डावीकडे बूट भिजतात, हे कुणी सांगितलं?"

"एक मुलगी होती, दोन वेण्यांची. नवे बूट भिजले म्हणून घरापर्यंत रडत आली. मी तिचे मोजे इंजिनच्या झाकणावर वाळवून दिले."

"आणि वाघाच्या गुहेत घाबरायचं नाही, त्याचा एक दात हलतो, ते?"

"तो एक तोतरा मुलगा. बसमध्ये कधी बोलायचा नाही. त्या दिवशी येऊन माझ्या सीटमागे उभा राहिला आणि फक्त मला सांगितलं. सांगायला अर्धा रस्ता लागला त्याला. मी गाडी हळू घेतली."

"आणि जिराफ सात मजली?"

"ते सांगणारा पहिलीतला होता. एवढासा. त्याला सातच वाटला असणार."

वकीलबाई आता वळून बसल्या होत्या. "सगळी एकदम ओरडायची, तर तुला ऐकू कसं यायचं?"

"ऐकावं लागतं," काका म्हणाले. "मला तेवढंच बघायला मिळायचं ना."

त्यावर ती सरकली जवळ, पार आबांच्या दंडाला चिकटून. "पण मला खोटं सांगायचं नाही," म्हणाली.

"नाही सांगणार."

तेवढ्यात फाटकाच्या बाजूने सहलीच्या बाई आल्या. बरोबर खाकी शर्टातला पन्नाशीचा एक माणूस, इकडेतिकडे बघत, अवघडून चालणारा. काकांच्या जागी आलेला नवा ड्रायव्हर. डोळ्यांवर अजून झोप, गालावर सीटच्या शिवणीची रेघ. बाईंनी त्याला काकांसमोर आणून उभं केलं, "यांना पण दाखवा काका," एवढंच म्हणाल्या आणि पोरांच्या मागे गेल्या. थांबल्या असत्या तर त्यांनाच रडू आलं असतं.

"बाई एकदम गाडीपाशीच आल्या हो," नवा ड्रायव्हर सांगू लागला. "माझं तिकीट काढून आणलेलं. म्हणाल्या, चला आत. मी म्हटलं, अहो पण बस? तर म्हणाल्या, कुलूप लावा की! बसला काय पाय फुटणार आहेत?" आणि तो हसला.

काकाही हसायला गेले. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कुलूप! कुलूप तर त्यांच्याही बसला होतं. चांगलं, पितळी. किल्ली सव्वीस वर्षं त्यांच्याच खिशात होती. एकदा, नुसतं एकदा म्हटलं असतं, बाई, मलाही यायचंय. पहिल्याच वर्षी म्हटलं असतं, तर पाच वर्षांच्या लेकीला हाताला धरून आणता आलं असतं.

त्यांनी चष्मा काढला.

"धूळ फार उडते इथे," आजी पटकन म्हणाली आणि पिशवीतून रुमाल काढू लागली. "गेली असेल डोळ्यात."

वकीलबाईंनी वर बघितलं. "आबा, धूळ गेली का?"

"नाही," काका म्हणाले. "रडतोय."

तिने मान हलवली, म्हणजे ही साक्ष मान्य. मग आबांच्या खांद्यावरच्या पिशव्या एकेक करून उतरवल्या, नेऊन आजीच्या मांडीवर ठेवल्या, आणि दोन्ही ड्रायव्हरांना दोन हातांनी धरून मगरीच्या रांगेत नेऊन उभं केलं.