चौदा विसा आणि पाच

केजच्या शाळेच्या दारात दाजी उभे होते. मुंडासं हातात. "मास्तर, तुमची अक्का ऱ्हायली न्हाई," एवढंच म्हणाले. तापाचं निमित्त झालं होतं. मी खडू खाली ठेवला आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. वर्ग सोडायचंही भान राहिलं नाही. त्याला आता दीड महिना झाला.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला वडिलांनी शाळेत घातलं, तिला युसूफ वडगावच्या शिवारातल्या एकोणीस घरांच्या वस्तीवर दिलं. तिला अक्षरओळख नव्हती. मोजायची ती विसांनी. साठ म्हणजे तीन विसा. "शाळेत आम्ही दहांनी मोजतो, अक्का," मी ऐटीत सांगायचो. "मोजा की," ती म्हणायची. "माझ्या हातापायाला बोटं वीसच हायत."

दुष्काळाच्या साली वस्तीनं मिळून गोदाकाठच्या गंगथडीहून गाड्या भरून कडबा आणला. तो घरोघर सारखा वाटायचा होता. मी त्या दिवशी भेटीला गेलो होतो. अक्कानं पेंढ्या मोजल्या आणि लगेच सांगितलं, "चौदा विसा आन् पाच. घरटी पंधरा येत्यात, उरत काय न्हाई." एका शेजाऱ्याला ते पटेना. त्यानं मला हिशोब करायला लावला. मी पाटीवर दोनशे पंच्याऐंशीला एकोणिसानं भागलं, घाईत वजाबाकी चुकलो आणि म्हणालो, "चौदा-चौदाच येतात. नऊ उरतात."

"म्हंजे पंधरा-पंधरा वाटत आलं की शेवटाला टोकाच्या माझ्या घराला कमी पडनार," शेजारी तिला म्हणाला. "ठरवूनच सांगितलंस न्हवं?"

माझ्याकडे अक्कानं पाहिलंही नाही. पदर खोचला आणि त्याच्याच घरापासून वाटायला घेतलं. तिचं स्वतःचं घर शेवटी आलं. तिथंही पंधरा पेंढ्या आल्या, आणि गाड्या रिकाम्या झाल्या... माणसं खाली मान घालून पांगली. माझंच चुकलं, असं मीही म्हणालो नाही.

जेवताना मी विचारलं, कसं ओळखलंस. ती भाकरी थापता थापता सांगू लागली. "दर विसातनं एक बाजूला काढायची. ऱ्हायल्या एकोणीस, त्या घरोघर एक-एक गेल्या. चौदा विसांच्या घरटी चौदा झाल्या. बाजूच्या चौदा आन् सुट्या पाच, किती?"

"एकोणीस."

"मंग आनखी एक-एक. झाल्या पंधरा."

संख्येतल्या आकड्यांची बेरीज नऊ आली की नवानं भाग जातो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. दहातून एक काढला की नऊ राहतात, विसातून काढला की एकोणीस; बाजूला काढलेले आणि सुटे मिळवायचे, तीच आकड्यांची बेरीज. माझा पाठ केलेला नियम का चालतो, हे मला तिच्या चुलीपुढे कळलं.

पुढे मी तिची रीत वर्गात शिकवली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ही तरकीब कुणाची?" मी नुसता हसलो. त्यांनी ती माझीच मानली, शेऱ्यात तसं लिहिलं. अक्काला मी हे कधी सांगितलं नाही. पाटीवरच्या चुकीबद्दलही कधी बोललो नाही. पुढच्या खेपेला बोलू, असं दर खेपेला वाटायचं.

तेरावं उरकून परतलो तेव्हा फळ्यावर तीच रीत पुन्हा मांडली, आणि ती कुणाची हे मुलांना सांगितलं. खाली तिचं नाव लिहिलं: सगुणा. इतकी वर्षं हातात खडू, पण हे नाव मी पहिल्यांदाच लिहीत होतो. लिहिलेलं ते कसं दिसतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.