मायनस चाळीस

दुपारचं जेवण झालं की भालू सुतार गॅरेजातल्या जुन्या जीपच्या सीटवर आडवा होतो. पंखा गरगरतोय. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला आवाज हळूहळू लांब चाललाय. समोर कणसे सिस्टरांची पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी. इंजिन जरा निवेपर्यंत पाठ टेकायची, एवढंच. आज सिस्टर येतील. दोष सापडला नसेल तर गाडी सांगलीच्या मोठ्या वर्कशॉपला जाईल, आणि मग आपण शटर ओढायचं ते कायमचंच, असं भालूने मनाशी ठरवलंय. कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला आहे कोण.

दोष लबाड आहे. इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर मधूनच खोटं बोलतो. इंजिन तापलेलं, आणि हा कॉम्प्युटरला कळवतो, मायनस चाळीस. कॉम्प्युटर बिचारा थंडी समजून पेट्रोल ओतत सुटतो. गाडी काळा धूर सोडते, गचके खाते, घाटात बंद पडते. गॅरेजात आणली की मात्र शहाण्यासारखी चालते. भालूने सेन्सर दोनदा बदललाय.

पंख्याची पाती एकेक करून दिसायला लागतात.

"काय रं, झोपलास?"

पांढऱ्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर इलाही मुजावर बसलाय. अर्ध्या आयुष्याचा भागीदार. पाडव्याच्या आधी गेला.

"झोपलो न्हाई. पाठ टेकलीय."

"तू पाठ टेकतोस आणि गाव जागं होतं. ऊठ, वायर धर."

भालू बॉनेटखाली वाकतो. ही दोघांची जुनी रीत. एकाने सेन्सरपासून मागे मागे वायर बोटांनी हलवत जायचं, चिमटी-चिमटीने. दुसऱ्याने आत बसून गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. आकडा जिथे कोसळेल तिथे तार आतून तुटलेली. सेन्सर बदलायला एक माणूस पुरतो. तार शोधायला दोन लागतात.

*ब्याण्णव.*

"ब्याण्णव," इलाही वाचतो. "ब्याण्णव. हलव की, गोंजारतोस काय? ब्याण्णव."

*अठ्ठ्याऐंशी.*

हे भालूच वाचतोय. हातात वायर आहे, पण ती खाटेवरून खाली लोंबते आहे. मिरजेचा दवाखाना. इलाहीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, मशीन त्याच्या डोक्यामागे, मान वळवता येत नाही म्हणून तो विचारत राहतो.

"किती दाखवतंय?"

"अठ्ठ्याऐंशी."

"पाणी कमी झालं असंल. टोपण उघडून बघ."

"गरम असताना टोपण उघडायचं नसतं. तूच सांगितलंस."

"शिकलास म्हणायचा." इलाही हसतो, खोकतो. "आता किती?"

भालू मशीनकडे बघतो. मशीनच्या जागी भिंत आहे. भिंतीवर पान्यांची फळी, प्रत्येक पाना आपापल्या खिळ्याला.

"किती, भालू?"

"थांब, वाचतोय."

*मायनस चाळीस.*

दारातला विट्याला जाणारा रस्ता पांढरा झालाय. पलीकडचा ऊस पांढरा. भालूने फ्रीजच्या बाहेर बर्फ कधी पाहिलेला नाही, म्हणून हा बर्फही तसाच, उलथन्याने खरवडावा असा. टायरांच्या ढिगावर त्याचा जाड थर बसलाय. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी आहे आणि इलाही काच खाली करून बसलाय.

"थंडी वाजते का रे तिथं?" भालू विचारतो.

"कुठं?"

"तिथं."

इलाही बॉनेटकडे बोट दाखवतो. मग म्हणतो, "इंजिन गरमच आहे, येड्या. सेन्सर खोटं सांगतोय."

भालू हात लावून बघतो. खरंच गरम. आणि वायर अजून त्याच्या चिमटीत आहे.

"मग आकडा पडला तेव्हा मी कुठली जागा धरली होती? सांग लवकर, जायच्या आत."

"मला काय ठाऊक?"

"तू वाचत होतास ना."

"मला स्क्रीन दिसत न्हाई, भालू. तुला जेवढं ठाऊक आहे तेवढंच मी वाचतोय. त्याच्या पुढचं मला येत न्हाई." तो सीटवर हात ठेवतो. "जिवंत माणूस बसव इथं."

"आकडा वाचायला तू गेल्यावर कुणी बसलं न्हाई."

"म्हणून सेन्सर बदलत बसलायस."

भालूला अजून एक विचारायचंय. तो तोंड उघडतो, आणि—

"भालूदादा, झाली का गाडी?"

पंखा गरगरतोय. दारात कणसे सिस्टर, खांद्याला पिशवी, तोंडावर ऊन. पलीकडे ऊस हिरवागार.

भालू उठून बसतो. झाली नाही म्हणायला जीभ वळते, पण तो वेगळंच बोलतो. "सिस्टर, जरा आत बसता का?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"बीपी बघता ना? तसंच. चावी फिरवायची, गाडी चालू करायची न्हाई. या डबीवरचा आकडा मोठ्यानं वाचत राहायचा."

सिस्टर पिशवी ठेवतात, आत बसतात. मग त्यांचं डोकं खिडकीतून बाहेर येतं. "अहो, ही सीट एवढी मागं कुणी नेली? माझे पाय पोचतच नाहीत."

भालू जाऊन बघतो. सीट अगदी शेवटच्या खाचेत. तो सिस्टरांएवढाच बुटका, आणि सीटला त्याने हातसुद्धा लावलेला नाही. एवढं मागे सरकून, गुडघे कसेबसे मावतील असा बसणारा या गॅरेजात एकच होता.

सिस्टर खाली वाकून सीटची दांडी चाचपतात.

"राहू द्या," भालू म्हणतो. "चालवायची थोडीच आहे."

त्या तशाच पुढच्या कडेवर टेकतात. भालू बॉनेटखाली जातो, वायर चिमटीत धरतो.

"अठ्ठावन्न," सिस्टर वाचतात. "अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. दादा, सत्तावन्न झालं."

"निवतंय ते. वाचत राहा."

"सत्तावन्न. सत्तावन्न."

बोटं बॅटरीच्या मागच्या वळणावर पोचतात, जिथे तार पत्र्याला घासून जाते.

"अगं बाई. मायनस चाळीस."

भालू वायर सोडत नाही.

"परत सांगा," तो म्हणतो.