आळंदला बांधलेलं जहाज

आळंदला समुद्र नाही, हे मला घर बांधून झाल्यावर कळलं.

झालं असं, की एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी मित्राबरोबर आठ दिवस मुंबईला गेलो आणि समुद्राकाठच्या त्या इमारती बघून पार खुळावलो. गोल कोपरे, आडवे लांबलचक सज्जे, भिंतीत जहाजासारख्या गोल खिडक्या! (हल्ली त्या जपायला लोक सभा भरवतात म्हणे. माझ्या घरासाठी एकदाच सभा भरली, तीही मला शिव्या घालायला.) आमचं घर बांधायचंच होतं, तेव्हा परतलो ते वहीत नकाशे काढूनच.

अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, गोल कोपरे सोसले. पण न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीत, छताजवळ, भलं मोठं गोल भोक दिसलं आणि ते उखडले.

"ह्ये कामून ठेवलास रे?"

"खिडकी हाय, अप्पा."

"गोल? बुजव आधी!"

खिडकी गेली तर जहाज गेलं! मी थाप मारली, "भिंतीआड बळद केलंय, त्याचं तोंड हाय ते. वरून ज्वारी ओतायला."

भिंतीआड धान्याचं बळद नाही ते घर अप्पांना घरच वाटत नसे. "पोराला अक्कल आली!" म्हणाले. मी थाप विसरून गेलो. अप्पा विसरले नाहीत.

सुगीत उमरग्याचे पाहुणे थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला आले. आधीची दोन स्थळं मोडलेली. आईच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता. मुलाचे वडील बसच्या धुळीनं माखलेले. "हातपाय धुतो," म्हणत ते न्हाणीघरात गेले.

आणि नेमकी तेव्हाच शेतातून ज्वारीची गाडी आली! पाहुण्यांना भरलं घर दिसावं म्हणून अप्पा स्वतः पोतं घेऊन बाहेरच्या जिन्यावर चढले. तिथून ते भोक कमरेएवढ्या उंचीवर यायचं. (काच मुंबईहून यायची होती.)

"अप्पा, थांबा!"

"पाव्हणे बघायलेत, गप बस!" असं म्हणून त्यांनी पोतं मोकळं केलं.

आतून आवाज आला, "अगागागा! कोण हाय वर?"

अप्पा पांढरेफटक पडले. "आरं, बळदात माणूस हाय!"

दार आत उघडणारं. ज्वारीनं ते अडलं. आम्ही ढकलतोय, अक्का रडतेय, आई माझ्या नावानं ओरडतेय! शेवटी मुलाचे वडील बाहेर आले. मिशीत ज्वारी, कानात ज्वारी, सदऱ्याच्या खिशात पावशेर तरी.

त्यांनी एक दाणा चावला. "टपोरी हाय," म्हणाले, आणि भिंत धरून खो खो हसत सुटले. "शिवलिंगप्पा, पोरगी पसंत हाय. पण एक अट हाय."

अप्पांनी हात जोडले. "काय पायजे ते सांगा."

"आम्हीबी घर बांधायलोय. ते पुरं होईस्तोवर तुमच्या ह्या पोराला उमरग्याच्या बसमधी बसू देऊ न्हका!"

हुश्श! आई तिथंच खाली बसली. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि मीही आनंदानं मान डोलावली.

अट पाळली. अक्काचं घर चौकोनी, खिडक्या चौकोनी, वारा कसा आरपार. सांगायला लाज वाटते, पण दर उन्हाळ्यात मी तिथंच राहायला जातो.