शकूताईंनी थांबवलेलं विमान

शकूताई आयुष्यात एकदाही विमानात बसल्या नाहीत. तरी आमच्या इमारतीत विमानांबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असे. विश्रांतवाडीच्या पुढे, विमानतळाच्या वाटेवर, त्यांच्या सासऱ्यांच्या ज्वारीच्या रानात ही सात मजली इमारत उभी आहे. सासूच्या नावावरून तिचं नाव मुक्ताई. जमिनीच्या बदल्यात शकूताईंना दोन फ्लॅट मिळाले आणि गच्चीवर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवण्याचा हक्क, जो कोणी दिला नव्हता पण कोणाची नाकारायची छातीही नव्हती.

मी शनिवार पेठेतून इथे आलो तेव्हा मला वाटलं, बाई वारा खायला बसतात. त्या विमानं बघत. एकाहत्तरच्या लढाईत रात्री दिवे लावायला बंदी होती, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. वडील त्यांना कडब्याच्या गंजीवर बसवत आणि आवाज आला की खालून विचारत, "आपलंच हाय का गं?" गंजीवरून "न्हाई" असं उत्तर आलं तर वडील चुलीवर पाणी ओतायचे आणि घर उपाशी झोपायचं. त्यामुळे उगीच नाही म्हणायचं नाही आणि उगीच हो तर अजिबात नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरली.

त्यांनी मला शिकवलेली रीत अशी. समोरून येणारं विमान आधी जागचं हलतच नाही, नुसता एक पांढरा दिवा दिसतो. नवखा माणूस इथेच घाबरतो. दोन मिनिटं थांबायचं. मग दिवा फुटतो आणि आपल्या उजव्या हाताला तांबडा, डाव्या हाताला हिरवा दिसायला लागतो. विमान पाठमोरं जात असेल तर उलट. "दोन्ही रंग दिसल्याबिगर मी इमान म्हणत न्हाई, भाऊसाहेब," त्या म्हणायच्या. मी चाळीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, पण इतका चोख माणूस तिथे पाहिला नाही.

गेल्या वर्षी जिल्ह्यात ड्रोनची अफवा उठली. चोरांची टोळी आधी ड्रोन फिरवून घरं हेरते आणि मग दरोडा घालते, असं म्हणत. गावोगाव गस्ती सुरू झाल्या. मी हसलो. आठ दिवसांनी मीही संध्याकाळी खिडक्या लावून घेऊ लागलो आणि माझ्या बायकोने, मंदाकिनीने, दागिने तांदळाच्या डब्यात ठेवले.

एका सोमवारी दिवेलागणीला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी विक्रम गच्चीवर आला. पश्चिमेला एक पांढरा दिवा होता. दोन मिनिटं झाली, पाच झाली. दिवा फुटला नाही, सरकला नाही, आणि मग विझला. विक्रमने विचारलं, "काकू, फ्लाइट होती ना?"

"न्हाई. इमान नव्हतं," शकूताई म्हणाल्या.

एवढंच. पण आम्ही खाली पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला होता: शकूकाकूंनी कन्फर्म केलंय, ड्रोन आहे. मी तो वाचून दाखवल्यावर शकूताईंचा चेहराच उतरला. "इमान न्हाई म्हनले मी. ड्रोन हाय असं कवा म्हनले? काय हाय ते मला ठावंच न्हाई." हे त्यांनी चार जणांना सांगितलं. चौघांनी मान डोलावली आणि गस्तीच्या याद्या करायला घेतल्या.

पुढच्या शुक्रवारी पावणेआठला फाटकापाशी आरडाओरडा झाला. मी गॅलरीतून पाहिलं तर पन्नासेक माणसं जमलेली, आसपासच्या तीन सोसायट्यांची. मध्ये एक बारकासा माणूस, त्याचे हात मागे बांधलेले. नाव कचरू, हे नंतर कळलं. गॅलऱ्यांना कबुतरांच्या जाळ्या बसवण्याचं काम करायचा. रस्त्यावर उभा राहून तो वर बघत गॅलऱ्या मोजत होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता. त्याच्या पोत्यात ड्रिल मशिन, आकडे आणि दोरी निघाली. त्याच्याच दोरीने त्याला बांधलं होतं. ओठ फुटला होता. आणि नेमका तो दिवा पश्चिमेला पुन्हा लागला होता.

"खाली हा, वर तो! अजून काय प्रूफ पाहिजे?" कोणीतरी ओरडलं. एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती. पोलिसांना फोन केला होता, पण ते पोचेपर्यंत त्या माणसाचं काय होईल हे सगळ्यांना दिसत होतं. मला तर फारच स्पष्ट दिसत होतं. मी खाली गेलो, पण कडेला उभा राहिलो. त्या गर्दीत गणपतीत रोज माझ्याबरोबर आरतीला टाळ वाजवणारे लोक होते आणि मला त्यांचीच भीती वाटत होती.

विक्रम वाईट मुलगा नाही. त्याने बॅटवाल्याला अडवलं आणि शकूताईंना खाली आणलं. "काकू, तुम्ही सांगा. विमान असेल तर याला सोडू."

विमान नसेल तर काय, ते त्याने सांगितलं नाही.

शकूताईंनी वर पाहिलं. तोल जाऊ नये म्हणून माझी बाही धरली. त्या पुटपुटत आकडे मोजत होत्या. मीही बघत होतो. एकच पांढरा दिवा. तांबडा नाही, हिरवा नाही, आवाज नाही. दोन मिनिटं झाली. मध्येच कचरू हळू आवाजात म्हणत होता, "आई, कबुतराच्या जाळ्या वो. नुसत्या जाळ्या."

शकूताईंनी नजर खाली आणून त्याच्याकडे पाहिलं. मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इमान हाय. मुंबईचं. उतरायची पट्टी मोकळी न्हाई म्हणून वरच थांबवलंय."

दर महिन्याला बंगळुरूला उडणारे निदान दहा इंजिनिअर त्या घोळक्यात होते. विमान आभाळात रिक्षासारखं उभं राहत नाही हे त्यांना ठाऊक असणारच. एकानेही तोंड उघडलं नाही. तेवढ्यात दिवा विझला.

"उतरलं," शकूताई म्हणाल्या. "सोडा त्याला."

विक्रमने स्वतः दोरी सोडली. कोणी पाणी आणलं, कोणी त्याचे आकडे गोळा करून पोत्यात भरले. बॅटवाला "सॉरी हं" म्हणाला. कचरू पाणी न पिताच निघाला आणि वळणापर्यंत चालत जाऊन मग पळत सुटला. पोलीस आले तेव्हा फाटकापाशी कोणी उरलं नव्हतं. ग्रुपवर मेसेज आला: शकूकाकू कन्फर्म, फ्लाइटच आहे, उगाच पॅनिक नको. खाली पन्नास अंगठे.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "शकूताई, रंग कुठे दिसले?"

"न्हाई दिसले." त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "आता समदे दारं उघडी टाकून झोपतील, भाऊसाहेब. माझ्या शब्दावर. आणि खरंच काय आलं तर?"

मी आपला "चला, उशीर झाला" असं काहीतरी बोललो.

गस्त बंद झाली. पोरं अंधार पडल्यावरही खाली खेळू लागली आणि मंदाकिनीने दागिने पुन्हा कपाटात नेले. शकूताई मात्र गच्चीवर जाईनात. संध्याकाळ झाली की आमच्याकडे येऊन बसत, खिडकीकडे पाठ करून. मंदाकिनी शेंगा सोलायला देई, त्या सोलत राहत. मालिका चालू असे, पण त्यांचं लक्ष नसे.

चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुमी वर जाऊन बघून या जरा."

मी गेलो. पश्चिमेला दिवा होता. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी दोन मिनिटं थांबलो, मग आणखी पाच. रंग दिसले नाहीत. आज तो बराच जवळ आला होता, पलीकडच्या सोसायटीच्या टाकीच्या जरा वर. खाली पोरांची चेंडूवरून भांडणं चालली होती. मी जिना उतरलो आणि घरात येऊन हसत म्हणालो, "काही नाही हो. विमान आहे."

शकूताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग शेंगांची परात बाजूला ठेवली, उठल्या आणि आमच्या दाराला आतून कडी लावली.