होळीवरच्या भोरड्या

फाल्गुनात आमच्या बांधावरची काटेसावर फुलली की बाबा पडवीत खाट टाकून बसायचे. भोरड्या यायच्या असत. काळं डोकं, काळे पंख आणि फिकट गुलाबी अंगाची ही मैना थंडी आपल्याकडे काढते आणि उन्हाळा लागला की पार मध्य आशियात जाते. आमच्या चौक-खालापूरकडे ती राहत नाही. परतीच्या वाटेवर सावरीच्या फुलांतला मध प्यायला दोन-चार दिवस टेकते. पूर्वी मोठमोठे थवे यायचे. अलीकडे एखादा आला तरी नशीब. बाबा खोपोलीच्या कारखान्यात होते तेव्हा या दिवसांत मुद्दाम रजा टाकायचे. आई चिडवायची, "आल्या वाटतं तुमच्या माहेरवाशिणी!"

त्या वर्षी आई नव्हती आणि बाबांना रजेची गरज उरली नव्हती. फुप्फुसं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळ्यापर्यंत काही खरं नाही. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. "या खेपेला भोरड्या तेवढ्या बघतो," एवढंच ते म्हणायचे. सावर लालभडक झाली, होळी तोंडावर आली, तरी भोरड्यांचा पत्ता नव्हता.

आमच्या गावात होळीला सावरीचं झाड उभं करतात आणि ते देण्याचा मान घराघरांत फिरतो. आमची पाळी यायला अजून अवकाश होता. पण बाबांचा मान बाबांच्या हयातीत व्हायला हवा, असं गावाने परस्पर ठरवलं. होळीच्या सकाळी मी औषधं आणायला खोपोलीला गेले होते. परत आले तर बांध मोकळा, आणि मातीत लाल फुलांचा सडा.

माझं डोकंच फिरलं. तशीच होळीच्या मैदानात गेले आणि सगळ्यांसमोर शेजारच्या काकांना नाही नाही ते बोलले. ओढ्याकाठी आमचीच दुसरी सावर होती, ती दिसली नाही?

काकांनी हातातला दोर खाली ठेवला. "बाय, तुझ्या बापाला इचारूनच तोडली. त्याच्या मानाला बारकं झाड कसं आणायचं गं?"

घरी येऊन बाबांवर ओरडले. "तुम्ही हो म्हणालातच कसे?"

"गाव दारात आला गं. नाय कसं म्हनू?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मग मला रडू आलं.

उन्हं कलली तेव्हा काकाच धापा टाकत आले. "दादा, ऊठ रं. तुझी पाखरं आली हायत."

चौघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून मैदानात नेलं. होळी उभी होती. बुंध्याला पेंढा बांधलेला, पण शेंड्याकडच्या फांद्या आणि फुलं तशीच राखलेली. त्या फुलांवर भोरड्या तुटून पडल्या होत्या, भांडत होत्या, कलकलाट करत होत्या. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले होते. होळी पेटवायची वेळ होत आली होती, पण कुणी चूड पेटवायला घेतली नाही. बाबा मान वर करून बघत होते. मान दुखेल म्हणून मी मागून हात लावला, तर तो त्यांनी झटकला. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

अंधारू लागलं तसा थवा उठला आणि माथेरानच्या डोंगराकडे गेला.

ज्याच्या घरचं झाड, त्याच्याच हातून होळी पेटते. काकांनी पेटती चूड बाबांपुढे धरली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चूड माझ्या हातात दिली. दुपारचं बोलणं मला आठवलं, त्यांनाही आठवलं असणार.

"गेल्या ना सगळ्या?" बाबांनी विचारलं. "नीट बघ."

मी झाडाभोवती फिरून फांदी न् फांदी पाहिली.

"गेल्या, बाबा."

"मंग लाव."

शेंड्यावर अजून फुलं होती. मी चूड पेंढ्याला लावली. त्या वर्षी गावात कुणी बोंब मारली नाही.